उपांत्य फेरीचा अंदाज : दूरचित्रवाणीवरील विद्यार्थी प्रश्नमंजूषा आणि राहुरीचा संघ

उपांत्य फेरीचा अंदाज करणे म्हणजे उरलेल्या आठ संघांतून चार निवडणे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. कोण कोणाशी खेळणार हे आधीच ठरलेले असेल, तर ते १६ वर येतात. हा आकडा लहान वाटतो. पण चारही नावे बरोबर येणे किती अवघड आहे, हे साध्या गुणाकाराने कळते. प्रत्येक सामन्यात वरचढ मानलेला संघ जिंकण्याची शक्यता ७० टक्के धरली, तरी चारही वरचढ संघ एकाच वेळी पुढे जाण्याची शक्यता जेमतेम २४ टक्के उरते. म्हणजे जाणकाराचा अंदाजही चारांपैकी तीन वेळा कुठे ना कुठे चुकणारच. चारांत तीन नावे जुळली, तर तो अंदाज चांगलाच म्हणायला हवा.

विद्यार्थी प्रश्नमंजूषांतला एक गाजलेला कार्यक्रम म्हणजे ब्रिटनमधील ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’. अमेरिकेतील ‘कॉलेज बोल’ या स्पर्धेवरून तो बेतला गेला आणि १९६२ साली बँबर गॅस्कोइन यांच्या सूत्रसंचालनाखाली सुरू झाला. १९८७ मध्ये तो थांबला. १९९४ मध्ये जेरेमी पॅक्समन यांच्यासह बीबीसीवर परतला आणि २०२३ पासून तो अमोल राजन सादर करतात. भारतात बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट १९७२ पासून शहरांमधल्या मंचांवर, मग रेडिओवर आणि नव्वदच्या दशकात छोट्या पडद्यावर आली. दूरदर्शनवर १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला आणि महाविद्यालयीन क्विझला घराघरांत प्रेक्षक मिळाला. त्याच बसूंनी २००३ पासून बीबीसी वर्ल्डवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया’ चालवले. महाराष्ट्राच्या दृष्टीने अंदाजशास्त्राचा सर्वांत बोलका धडा तिथेच मिळतो.

पहिल्या हंगामाची अंतिम लढत मार्च २००४ मध्ये झाली. एका बाजूला आयआयएम अहमदाबाद, दुसऱ्या बाजूला मुंबईच्या अंधेरीतले सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. संस्थेचे नाव, प्रवेशाची चुरस, विद्यार्थ्यांचे वय आणि अनुभव पाहून कौल दिला असता, तर तो अहमदाबादकडे गेला असता. जिंकले सरदार पटेल. पुढच्या हंगामात पुन्हा तसेच घडले : दिल्लीच्या नेताजी सुभाष इन्स्टिट्यूटच्या पदवीपूर्व अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसला हरवले. दोन हंगामांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. तरी संस्थेच्या नावावर लावलेला अंदाज किती कच्चा असतो, हे दाखवायला ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत. क्विझ खेळणारी मुले व्यवस्थापन संस्थेत जाऊन तयार होत नाहीत. ती बारावीनंतरच्या तीन-चार वर्षांत, वसतिगृहाच्या खोलीत आणि रविवारच्या खुल्या क्विझमध्ये घडतात. पुण्यात सीओईपीच्या बोट क्लब क्विझ क्लबसारखी मंडळे हेच काम करतात.

संस्थेच्या नावाला काहीच अर्थ नसतो, असेही मात्र नाही. ब्रिटनमध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजने १९९६, २००१, २०२०, २०२२ आणि २०२४ अशी पाच विजेतेपदे मिळवली. मँचेस्टर विद्यापीठाच्या नावावर २००६, २००९, २०१२ आणि २०१३ अशी चार आहेत. दरवर्षी खेळाडू नवे असतात, म्हणजे हे यश एखाद्या हुशार तुकडीचे नाही. संस्थेत संघ कसा निवडला जातो, चाचण्या किती घेतल्या जातात, जुने खेळाडू नव्यांना शिकवतात का, यावर ते उभे असते. म्हणून अंदाज करणाऱ्याने संस्थेच्या प्रतिष्ठेपेक्षा तिच्या निवडपद्धतीची चौकशी करावी.

स्पर्धेच्या नियमांतच अंदाजाची खरी सामग्री दडलेली असते. युनिव्हर्सिटी चॅलेंजमध्ये ‘स्टार्टर’ प्रश्न दोन्ही संघांना खुला असतो. ज्याचा बझर आधी वाजेल त्याने एकट्याने, सहकाऱ्यांशी न बोलता उत्तर द्यायचे. बरोबर उत्तराला १० गुण मिळतात. प्रश्न पूर्ण होण्याआधी बझर दाबून उत्तर चुकले, तर ५ गुण कापले जातात. स्टार्टर जिंकणाऱ्या संघाला एकाच विषयावरचे तीन बोनस प्रश्न मिळतात, प्रत्येकी ५ गुणांचे, आणि तिथे चौघांना आपसांत कुजबुजायची मुभा असते. म्हणजे एकाच धावसंख्येत दोन निरनिराळी कौशल्ये मिसळलेली असतात : हाताचा वेग आणि डोक्यातला साठा.

बहुतेक प्रेक्षक अंदाज करताना फक्त धावसंख्या बघतात आणि नेमके तिथेच फसतात. समजा, ‘अ’ संघाने दुसऱ्या फेरीत २३५ विरुद्ध ९० असा विजय मिळवला आणि ‘ब’ संघ १७५ विरुद्ध १६५ असा कसाबसा सुटला. वरवर पाहता ‘अ’ साठ गुणांनी सरस. आता आतला हिशेब मांडू. ‘अ’ने ११ स्टार्टर घेतले, त्याचे ११० गुण, त्यावर ३३ बोनस मिळाले, त्यांतले २५ बरोबर, त्याचे १२५. ‘ब’ने ८ स्टार्टर घेतले, त्याचे ८० गुण, २४ बोनसपैकी १९ बरोबर, त्याचे ९५. बोनसचे प्रमाण काढले तर ‘अ’चे ७६ टक्के आणि ‘ब’चे ७९ टक्के येते. ‘अ’समोरचा संघ बझरवर मंद होता, म्हणून ११ स्टार्टर वाट्याला आले, ‘ब’समोरचा संघही तितकाच चपळ होता, म्हणून आठच मिळाले. एकाने घेतलेला स्टार्टर दुसऱ्याचा हिरावलेला असतो. त्यामुळे धावसंख्या अर्धी आपली आणि अर्धी प्रतिस्पर्ध्याची असते. बोनसचे प्रमाण मात्र समोर कोण बसले आहे यावर अवलंबून नसते, आणि म्हणूनच उपांत्य फेरीच्या अंदाजासाठी हा आकडा धावसंख्येपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.

त्यालाही मर्यादा आहे. चोवीस प्रश्नांवरून काढलेल्या ७९ टक्क्यांत सुमारे आठ टक्क्यांची चूक सहज दडलेली असते. म्हणजे वरच्या उदाहरणातला ७६ आणि ७९ यांतला फरक प्रत्यक्षात फरकच नव्हे. दोन्ही संघ साठ्याच्या बाबतीत बरोबरीचे मानावेत. शिवाय बोनस तीन-तीनच्या जुडीने, एकाच विषयावर येतात. बिथोव्हेनच्या सिंफनींवर जुडी आली आणि संघात पाश्चात्य संगीत ऐकणारे कोणी नसेल, तर तिन्ही प्रश्न एकदमच जातात. चोवीस प्रश्न दिसतात, पण विषय आठच असतात. दोन-तीन सामन्यांचे बोनस एकत्र केल्याशिवाय या आकड्यावर भार टाकू नये.

स्टार्टरच्या बाजूने दोन नोंदी ठेवाव्या लागतात : संघ किती स्टार्टर घेतो आणि किती वेळा घाईने गुण गमावतो. एका सामन्यात तीन वेळा पाच गुण गेले, तर नुसते पंधरा गुण जात नाहीत. संपूर्ण प्रश्न ऐकून शांतपणे उत्तर देण्याची संधी समोरच्याला मिळते आणि त्यामागून बोनसची जुडीही. उपांत्य फेरीत दोन्ही संघ चपळ असतात, बझर प्रश्नाच्या आणखी आधी वाजू लागतो, आणि पहिल्या फेऱ्यांत खपून गेलेली घाई तिथे महाग पडते. पहिल्या दोन सामन्यांत उणे गुण जास्त असलेल्या संघाला पुढे किंमत मोजावी लागेल, असे धरून चालणे शहाणपणाचे.

एकाच खेळाडूवर उभ्या असलेल्या संघाचे काय करायचे, हा जुना वाद आहे. २००८-०९ च्या हंगामात ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजची कर्णधार गेल ट्रिंबल हिने संघाच्या एकूण गुणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश एकटीने मिळवले. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी एक्झीटर विद्यापीठाला ३५० विरुद्ध १५ असे हरवले. अंतिम सामन्यात मँचेस्टरने बराच काळ आघाडी घेतली होती. शेवटी कॉर्पसने २७५–१९० असा विजय मिळवला. पुढे संघातला एक खेळाडू चित्रीकरणादरम्यान विद्यार्थी राहिला नव्हता, हे उघड झाले आणि विजेतेपद मँचेस्टरला देण्यात आले. अंदाज करणाऱ्याला यातून दोन गोष्टी मिळतात. असामान्य खेळाडू असेल, तर एकखांबी तंबूही अंतिम फेरीपर्यंत टिकतो. म्हणून अशा संघाला आंधळेपणाने खाली ढकलू नये. दुसरी गोष्ट म्हणजे, त्या खेळाडूचा एक दिवस बिघडला, तर सावरायला कोणी नसते, त्यामुळे त्याच्या निकालांत चढउतार जास्त. अशा संघाला वरचढ मानावे, पण खात्रीचा आकडा थोडा कमी लावावा.

लोकप्रियता हा आणखी एक चकवा. २०१७ मध्ये केंब्रिजच्या वुल्फसन कॉलेजचा एरिक मंकमन आणि इमॅन्युएल कॉलेजचा बॉबी सीगल हे दोघे समाजमाध्यमांवर घराघरांत पोचले. पण हे दोन संघ उपांत्य फेरीतच एकमेकांसमोर आले, म्हणजे एकाचे बाहेर जाणे ठरलेलेच होते. वुल्फसन पुढे गेले आणि अंतिम सामन्यात ऑक्सफर्डच्या बॅलिऑलकडून १९०–१४० असे हरले. ज्यांच्याविषयी सर्वांत कमी बोलले जात होते, त्यांनी चषक नेला.

फेरीची रचना अंदाजावर किती परिणाम करते, याकडे सहसा लक्ष जात नाही. साध्या बाद पद्धतीत एक हरले की संपले. ब्रिटनमध्ये २००९-१० च्या हंगामापासून उपांत्यपूर्व फेरीत दोन विजय मिळवणारा संघ पुढे जातो आणि दोनदा हरणारा बाहेर पडतो. एका सामन्यात ६५ टक्के संधी असलेल्या संघाला या रचनेत पुढे जाण्याची संधी सुमारे ७२ टक्के मिळते. ७० टक्क्यांचे ७८ होतात. एक वाईट दिवस पोटात घालण्याची सोय झाल्याने सरस संघ टिकतो आणि अंदाज थोडा सोपा होतो. पूर्ण सोपा मात्र नाही, कारण पहिला सामना जिंकणाऱ्याला पुढे दुसरा विजेताच भेटतो आणि तिथे त्याची संधी पहिल्याइतकी राहत नाही.

बुद्धिबळातली गुणांकन पद्धत क्विझला लावण्याचे प्रयत्न स्वाभाविकच आहेत. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ती घडवली आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. दोन खेळाडूंत २०० गुणांचे अंतर असेल, तर वरच्याकडून ७६ टक्के गुणांची अपेक्षा धरली जाते. ४०० चे अंतर असेल, तर ९१ टक्के. बुद्धिबळपटू वर्षाला डझनांनी डाव खेळतो, म्हणून त्याचा आकडा स्थिरावतो. क्विझचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत दोनच सामने खेळलेला असतो आणि पुढच्या वर्षी तो संघच नसतो. विद्यार्थी प्रश्नमंजूषेसाठी एलो पद्धत शोभेची आहे, उपयोगाची नाही. बोनसची वही तिच्यापेक्षा जास्त सांगते.

दूरचित्रवाणीचा म्हणून एक वेगळा मुद्दा आहे. हे सामने प्रक्षेपणाच्या काही महिने आधी चित्रित झालेले असतात. प्रेक्षक ज्याचा अंदाज बांधतो, ते घडून गेलेले असते. त्यामुळे आठवड्याआठवड्याने ‘संघ फॉर्मात आहे’ असे म्हणणे फसवे ठरते. पडद्यावर महिन्याचे अंतर दिसते, तिथे प्रत्यक्षात दोन सामने एकाच मुक्कामात झालेले असू शकतात. संकलनात वगळलेले क्षण, सूत्रसंचालकाचे हसणे, कॅमेऱ्याचा रोख यांवरून निकाल ओळखू पाहणारेही असतात. तो अंदाज नव्हे, ती चोरून पाहिलेली उत्तरपत्रिका.

आता राहुरीसारख्या ठिकाणच्या संघाकडे वळू, कारण अंदाज करणाऱ्याची खरी परीक्षा पडद्यावर पूर्वी न दिसलेल्या संघाच्या बाबतीतच होते. नगर–मनमाड रस्त्यावरचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले आणि पश्चिम महाराष्ट्रातील कृषी शिक्षण त्याच्या छत्राखाली आले. पुणे, कोल्हापूर, धुळे येथील कृषी महाविद्यालये त्याचीच. अशा विद्यापीठाच्या क्विझ संघाची कसोटी लागते ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कृषी विद्यापीठांमधील युवक महोत्सवात. दुसरे, राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००३ पासून होणाऱ्या आंतरविद्यापीठ ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इंद्रधनुष्यचे यजमानपद राहुरीकडेच होते. अशा महोत्सवांतल्या प्रश्नमंजूषेत सहसा तिघांचा संघ असतो, आधी लेखी चाळणी होते आणि त्यातून निवडलेले मोजके संघ मंचावर येतात.

ही लेखी चाळणी दूरचित्रवाणीवरील यशाचा अर्धाच अंदाज देते. कागदावर साठा दिसतो, बझरवरचा हात दिसत नाही. राहुरी, नेवासा, शेवगाव भागांतल्या अनेक मुलांचे शालेय शिक्षण मराठीत झालेले असते आणि मोठ्या वाहिन्यांवरील क्विझ इंग्रजीत चालते. ऊस आणि भुईमुगाची मुळे कुरतडणाऱ्या किडीचा प्रश्न आला, की या मुलाच्या डोक्यात पहिल्या क्षणी ‘हुमणी’ उमटते. शेतात पावसाच्या पहिल्या सरीनंतर कडुनिंबावर-बाभळीवर जमणारे भुंगेरे त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात. ‘व्हाइट ग्रब’ हा शब्द जिभेवर यायला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात समोरचा बझर वाजतो. ज्ञान कमी पडले नाही, भाषांतराला वेळ लागला. गुणफलकावर मात्र दोन्ही सारखेच दिसते.

उलट बाजूही आहे. प्रश्न असा सुरू झाला : “होल्स्टीन फ्रीजियन, जर्सी आणि…” राहुरीच्या विद्यार्थ्याला पुढचे ‘गीर’ ऐकायची गरज नाही. ‘फुले त्रिवेणी’ ही तीन जातींच्या संकरातली गाय त्याच्याच विद्यापीठाने घडवली आहे. ‘भगवा’ डाळिंबाचे आणि ‘फुले २६५’ उसाचेही तेच. इतरांना पाठांतराने मिळवावे लागते, ते त्याला गोठ्यात आणि प्रक्षेत्रावर दिसते. पण सर्वसाधारण क्विझमध्ये शेतीला अशी एखादीच जुडी येते, म्हणजे एक स्टार्टर आणि तीन बोनस मिळून जास्तीत जास्त २५ गुण. या एका विषयावर संघाला वर चढवणे भाबडेपणाचे होईल. कृषी पदवीचा खरा फायदा दुसरीकडे आहे : अभ्यासक्रमात वनस्पतिशास्त्र, मृदरसायन, अनुवंशशास्त्र, हवामान, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र असे सगळे येते. विज्ञानाच्या प्रश्नांवर असा संघ कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तोडीचा ठरू शकतो. उणीव असते ती पाश्चात्य कला, संगीत आणि साहित्यात, आणि ती चौथा खेळाडू नीट निवडून बरीच भरून काढता येते.

अशा संघाचा अंदाज करताना बोनसच्या प्रमाणाला जास्त वजन द्यावे, स्टार्टरला कमी. बोनसच्या वेळी चौघे मराठीत कुजबुजू शकतात, शब्द शोधायला काही सेकंद मिळतात आणि भाषांतराचा दंड नाहीसा होतो. पहिल्या सामन्यात सहाच स्टार्टर घेऊन १८ पैकी १४ बोनस बरोबर देणारा संघ नुसता ‘नशिबाने जिंकला’ म्हणून खाली टाकण्यासारखा नाही. बझरचा वेग सरावाने महिनाभरात सुधारतो. साठा तसा वाढत नाही. संघ निवडणाऱ्या प्राध्यापकांनीही लेखी गुणांबरोबर बझरवरचे किमान दोन सराव सामने इंग्रजीतून घ्यायला हवेत; त्याशिवाय मुलांवर अन्याय होतो.

अंदाज केल्यानंतर तो तपासायलाच हवा, आणि ‘मी म्हटले होते’ ही तपासणी नव्हे. हवामानाच्या अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये एक सोपे माप दिले. प्रत्येक संघाला पुढे जाण्याची शक्यता आकड्यात लिहायची. निकालानंतर त्या आकड्याचे वास्तवापासूनचे अंतर काढून त्याचा वर्ग करायचा. ०.७ लिहिले आणि संघ पुढे गेला, तर दंड ०.०९, नाही गेला तर ०.४९. खात्रीने ०.९ लिहून तोंडघशी पडले, तर ०.८१. सगळ्यांना डोळे मिटून ०.५ दिले, तरी सरासरी ०.२५ येते. ज्याची सरासरी हंगामामागून हंगाम त्याखाली राहते, त्याला अंदाज कळतो असे म्हणता येईल. चारही नावे एकदा बरोबर सांगणाऱ्यापेक्षा हा माणूस जास्त विश्वासाचा.

वहीत यासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक सामन्यासाठी संघाचे नाव, घेतलेले स्टार्टर, मिळालेले बोनस, बरोबर आलेले बोनस, उणे गुण आणि प्रत्येक जुडीचा विषय, एवढे सहा रकाने पुरतात. अर्ध्या तासाचा एक भाग पाहताना पेन्सिलने ते भरता येतात. उपांत्यपूर्व फेरी सुरू होण्याआधी आठही संघांपुढे टक्के लिहून, तारीख घालून वही मिटावी आणि निकाल लागेपर्यंत त्यात खाडाखोड करू नये.